शून्य श्रेयांक, अनिवार्य

पुस्तिका चौतीस पानांची.
आईनं तिच्यावर चहाची बशी ठेवली
तेव्हापासून नवव्या पानावर एक तपकिरी गोल आहे,
'वैकल्पिक विषय' या शब्दांना घेरून.

तंत्रज्ञान आणि धोरण, पदव्युत्तर, दोन वर्षं,
अठ्ठ्याहत्तर श्रेयांक.
मूळ विषय सहा. त्यातलं संख्याशास्त्र मी दुसऱ्या फेरीत काढलं.
नियमन आणि कायदा सुटला, कसाबसा.
प्रबंधाला चोवीस श्रेयांक, म्हणून तर मी इथं,
कोळदऱ्यात, ऐन कार्तिकात,
हरभऱ्याचं ओलित सुरू असताना.
थ्री फेज रात्री दहाला येते.
येते म्हणजे, यायला पाहिजे.

माझ्या प्रबंधात एक तक्ता आहे:
बिघाड ते दुरुस्ती, सरासरी बेचाळीस मिनिटं.
मार्गदर्शक मॅडमनी त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
अकरा गावांना एक लाइनमन,
तोही तालुक्याला राहतो,
मग ही बेचाळीस मिनिटं आली कुठून?
मी म्हटलं, तपासून सांगते.

तपासायचं काय त्यात.
बेचाळीस मिनिटं म्हणजे आमचे बाबा.
फोन वाजला की ताटावरून उठणं,
खुंटीवरची पक्कड, टेस्टर,
सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेली बांबूची काठी,
सबस्टेशनला फोन, 'सायेब, फिडर बंद करा जी',
मग धुऱ्याधुऱ्यानं वाट,
मग अंधारात खांबावर एक माणूस
ज्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही.

गाव त्यांना झिरो वायरमन म्हणतं.
देवमन झिरो. सगळ्यांच्या मोबाइलात तसंच सेव्ह आहे.
शाळेत मी झिरोची पोरगी होते,
गणिताचे पेपर वाटताना मागच्या बाकावर हमखास हसू फुटायचं.

पान अकरा. संशोधन-नीती.
श्रेयांक शून्य. अनिवार्य.
बाबांना वाचून दाखवलं.
'मार्क नाई भेटत?'
नाही.
'अन् नाई केलं त?'
पदवी अडते.
पकडीच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता
ते हसायला लागले, पार ठसका लागेस्तोवर.
'म्हंजे माह्यावानीच हाय हे.'

त्याच विषयात संमतीपत्राचा नमुना आहे.
एक चौकट: संशोधकाचे सहभागी व्यक्तीशी नाते असल्यास नमूद करावे.
ती भरली.
खालची: सहभागातून संभवणारा धोका.
इथं काय लिहू?
अकरा के.व्ही.?
की हा कागद फिरत फिरत
एखाद्या उपअभियंत्याच्या टेबलावर पोचला तर, ते?
'सही केली त पकडतीन का मले?'
नाव बदलते बाबा. उत्तरदाता सात असं लिहिते.
'सात?'
त्यांनी आत चुलीकडे हाक मारली,
'आयकलं का वं, झिरोचा सात केला पोरीनं.'

सही व्हायच्या आत फोन आला.
कुरणाजवळच्या खांबावर जंपर तुटलेला.
पेन कानावर तसंच ठेवून ते निघाले,
मागून मी, हातात बॅटरी,
मोबाइलात वेळ लावून.
हेही क्षेत्रकार्यच, चार श्रेयांकांचं.
आई म्हणते, खाली उभं राहून वर बघू नये.
मी बघत होते.
वर त्यांच्या तळपायांच्या फटींत
बॅटरीचा उजेड जेवढा पोचला तेवढाच.

लाइन आली तशा
शेताशेतातून मोटारी धरल्या.
कोणी हाक दिली नाही, कोणी काही म्हटलं नाही,
दांडातून पाणी सुरू झालं, इतकंच.
मोबाइल अडतीस मिनिटं दाखवत होता.

ते उतरले तेव्हा पेन कानावर नव्हतं.
खांबाखालच्या गवतात
आम्ही दोघं ते चाचपडत बसलो.